आधी बोलायचं कोणी

बोटीवर सकाळी केबिनमधून निघून मी इंजिनच्या कंट्रोल रूमपर्यंत जायचो, तेवढ्या वाटेत मला कधी कोणाला आधी नमस्कार करावा लागला नाही. समोरून येणारा करायचा. जिन्यात फिटर भेटला तर तो कडेला सरकून वाट द्यायचा आणि म्हणायचा, "गुड मॉर्निंग, बडा साब." आमच्या बोटींवर चीफ इंजिनिअरला नावाने कोणी हाक मारत नाही, बडा साबच म्हणतात. मी मान हलवायचो. बस. कप्तान तेवढा बरोबरीचा. त्याचं नि माझं न बोलता ठरलेलं होतं की ज्याचा मूड बरा असेल त्याने आधी बोलायचं. त्यामुळे बरेच दिवस दोघंही गप्प असायचो.

सुट्टीत चिपळूणला गेलो तरी तेच. आळीत शिरलो की ओट्याओट्यावरून "काय काका, कधी आलात?" सुरू व्हायचं आणि मी मान हलवत पुढे जायचो. हिचं म्हणणं, ते नमस्कार मला नसत, माझ्या बॅगेला असत. बॅगेत सेंटच्या बाटल्या असत, चॉकलेटं असत, आणि ज्यांना त्यातलं काही नको असे त्यांना आपला मुलगा बोटीवर चिकटवायचा असे. आमच्या हिचा स्वभावच जरा संशयी आहे.

मग मी रिटायर झालो आणि सिंगापूरला बेडोकच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. फ्लॅट माझाच, माझ्याच पगारातून घेतलेला, पण त्यात मी राहिलो होतो कधी? बोटीवरून उतरलो की दोन महिने, फार तर अडीच, तेही अर्धे झोपण्यात. बायको मात्र तिथे मुरली होती. लेकीची शाळा तिथे झाली, शिक्षण तिथे झालं. आता लेक आणि जावई दोघंही बुओना व्हिस्टाला नोकरीला जातात आणि चार वर्षांची नात दुपारी बालवाडी सुटली की आमच्याकडे येते. बाजारातला मासेवाला हिच्यासाठी पापलेट बाजूला काढून ठेवतो. खालच्या बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्या हिला बघून सरकून जागा करतात. मला बघून त्या सरकत नाहीत, पिशव्या जवळ ओढून घेतात.

पहिल्या सकाळी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि लिफ्टमध्ये शिरलो. आत चारपाच माणसं होती. मी कोपऱ्यात ताठ उभा राहिलो आणि वाट बघू लागलो. कोणी काही बोलेना. एक मुलगी फोनमध्ये. एक बाई आपल्या भाजीच्या ट्रॉलीत. एक बुवा दारावरच्या आकड्यांकडे टक लावून, आठानंतर सात येतो की नाही याचा भरवसा नसल्यासारखा. एकाच्या काखेत पांढरं लहानसं कुत्रं होतं, त्याने तेवढं माझ्याकडे बघितलं. खाली दार उघडलं, सगळे बाहेर पडले आणि मी आतच. च्यायला, म्हटलं, माणसं आहेत की कंटेनर?

"सवय होईल," ही म्हणाली. "तुम्हीच बोला की आधी."

"मी? मी का म्हणून?"

"का म्हणजे? तोंड आहे म्हणून."

आपल्या माणसांत तरी जावं म्हणून गणपतीत मराठी मंडळींच्या कार्यक्रमाला गेलो. एक हॉल भाड्याने घेतला होता, मोदक होते, आरत्या सगळ्यांना फोनमध्ये बघून पाठ होत्या. तिथे नमस्कार भरपूर. पण तिथल्या नमस्काराला पोटात एक प्रश्न असतो. "नमस्कार, नमस्कार! कुठे राहता?" बेडोक. "वा! कुठला कॉन्डो?" कॉन्डो नाही, साधा सरकारी फ्लॅट. "अच्छा, अच्छा. पण एमआरटीचं स्टेशन जवळ असेल ना?" हे त्या गृहस्थांनी अशा आवाजात विचारलं की माझ्या घरी कोणी आजारी आहे असं मलाच वाटलं. मग दुसरे आले, पुण्याचे, कुठल्याशा बँकेत कसलेतरी हेड. "आपण काय करता?" म्हटलं, बोटीवर होतो. "अरे वा, क्रूझ का?" म्हटलं, तेलाची बोट, टँकर. त्यांनी मान डोलावली, मोदकाची प्लेट बदलली आणि त्यांना लांबवर कोणीतरी ओळखीचं दिसलं. तिथे सगळ्यांनाच सारखं लांबवर कोणीतरी ओळखीचं दिसत असतं.

तर असा मी दोन्हीकडून सुटा. पण या सगळ्यांचं मला एवढं लागलं नसतं. लागलं ते शेजाऱ्याचं.

आमच्या दाराला लागून एका चिनी जोडप्याचं घर. त्याचे केस पांढरेफेक, गाल बसलेले, अंगात बिनबाह्यांचा गंजीफ्रॉक आणि हाफपँट. रोज सकाळी तो कॉरिडॉरमध्ये प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून आपल्या कुंड्यांना पाणी घालायचा. लिफ्टकडे जायचं तर त्याच्या गुडघ्यांवरूनच जावं लागे. मी बाहेर पडलो की तो पाणी घालायचा थांबायचा आणि माझ्याकडे बघायचा. मीही बघायचो. तो बोलण्याची वाट बघतोय हे मला दिसायचं. मीही बघतोय हे त्यालाही दिसत असणार. मग तो पुन्हा कुंडीत पाणी ओतायचा, जरा जास्तच जोरात, आणि मी चपला वाजवत लिफ्टकडे जायचो. हे रोज. रविवारीसुद्धा.

आणि त्याची बायको नि माझी बायको? दोघी दाराशी पाट टाकून मुगाच्या मोडांच्या शेपट्या खुडत तासन्‌तास बसायच्या. एक इंग्रजी बोलायची तिच्या पद्धतीने, दुसरी आपल्या पद्धतीने, आणि दोघींना सगळं समजायचं. नात तर त्यांच्या घरात चप्पल काढून थेट शिरायची आणि बिस्किट घेऊन बाहेर यायची. मी एकटा असा की ज्याच्यासाठी त्या दारात जागा नव्हती.

एकदा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खालच्या खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, दुपारच्या गर्दीत सुपाचा वाडगा घेऊन मी उभा होतो. खुर्च्याखुर्च्यांवर लोकांनी टिश्यूची पाकिटं ठेवून जागा धरलेल्या. रिकामी जागा एकच होती आणि ती शेजाऱ्याच्या समोर. त्याने मला बघितलं. मी त्याला बघितलं. त्याने टेबलावरचा पेपर बोटभर स्वतःकडे ओढला. आता ही 'बस' म्हणून केलेली खूण, की 'माझ्या पेपरवर सूप सांडू नकोस' म्हणून केलेली, ते मला ठरवता येईना. विचारायचं तर आधी बोलावं लागणार. मी खांबाला टेकून उभ्याने जेवलो. जीभ भाजली ती भाजलीच, वर शर्टावर डाग.

घरी येऊन मी हिला सांगितलं, "बास झालं. फ्लॅट विकू. चिपळूणला जाऊ."

ती नातीचा फ्रॉक घडी करत होती, तो उघडून तिने पुन्हा घडी केला.

"तिथे निदान माणसं ओळख देतात," मी म्हटलं. "इथे दोन वर्षं झाली, मी मेलोय की जिवंत आहे याची कोणाला फिकीर नाही."

"पोरीला दुपारी कोण बघणार?"

"लेक बघेल. बाई ठेवेल. सगळे ठेवतात."

ती आत गेली. तिचा जीव त्या पोरीत अडकलेला होता, हे मला काय दिसत नव्हतं? दिसत होतं. पण माझा ताठा मोडायला मी तयार नव्हतो. चुलतभावाला फोन करून सांगितलं की चिपळूणला येतोय कायमचा, घराला रंग लावून घे. आणि एजंटाला फोन केला. तो जेमतेम तिशीचा, टाय लावलेला, दारातच दोन्ही हातांनी माझा हात धरून म्हणाला, "गुड मॉर्निंग, सर! कसे आहात, सर?" मराठी मंडळी सोडली तर सिंगापुरात मला आपणहून आधी नमस्कार करणारा हा पहिला माणूस, आणि तो मला तिथून घालवायला आलेला. तो म्हणाला, चिनी नवीन वर्ष तोंडावर आलंय, आता कोणी घर बघत नाही, ते झालं की गिऱ्हाईक आणतो. म्हटलं, ठीक.

नवीन वर्षाच्या आदल्या आठवड्यात ही शेजारून हसत हसत आली. पदर तोंडाला लावून हसत होती. मी विचारलं, काय झालं?

"ती मला विचारत होती, तुझा नवरा कुठलं जनावर?"

"काय?"

"अहो, त्यांच्यात वर्षाला जनावर असतं. उंदीर, ससा, डुक्कर असं. वय विचारायचं तर जनावर विचारतात. तुमचं साल सांगितलं तर म्हणाली, बैल."

"आणि यात हसण्यासारखं काय?"

"मी म्हटलं, मला माहीतच होतं."

हसून झाल्यावर तिने खरी गोष्ट सांगितली. शेजारी दोन वर्षं माझ्यावर धुसफुसत होता. त्यांच्यात धाकट्याने थोरल्याला आधी हाक मारायची असते. नमस्कार म्हणजे तेवढीच ती हाक. काका असेल तर काका, दादा असेल तर दादा. जेवायला बसतानासुद्धा पोरांनी आधी एकेका मोठ्या माणसाला हाक मारायची, मगच घास. न मारली तर त्या पोराला वळण नाही. आणि शेजाऱ्याचं घरात रोजचं पालुपद, की बाजूला हा पन्नाशीचा माणूस राहतो, काळेभोर केस, तब्येत धडधाकट, आणि मला एकदा हाक मारत नाही. याला आईबापांनी काही शिकवलंच नाही.

"पन्नाशीचा?" मी म्हटलं.

खरं सांगतो, आधी मला गुदगुल्याच झाल्या. मी गेली कित्येक वर्षं केसांना कलप लावतो. बोटीवर डोकं पांढरं दिसलं की कंपनी पुढचं कॉन्ट्रॅक्ट देताना दहादा विचार करते, त्यामुळे आमच्या धंद्यात निम्मे चीफ इंजिनिअर कलपावर चालतात. रिटायर झाल्यावर सोडायला हवा होता, पण राहिला. हिच्या भाषेत, शिंगं मोडून वासरांत शिरायची हौस.

"त्याचं जनावर कुठलं?" मी विचारलं.

"वाघ."

"वाघ बैलाच्या आधी की नंतर?"

"नंतर. एका वर्षाने धाकटे आहेत ते तुमच्यापेक्षा."

मी सोफ्यावरून उठलोच. एका वर्षाने! म्हणजे दोन वर्षं मी बरोबर होतो. आधी बोलायचं त्याने होतं. बोटीच्या हिशेबाने त्याने, चिपळूणच्या हिशेबाने त्याने, आणि आता त्याच्या स्वतःच्या चिनी हिशेबानेही त्यानेच! मी हॉलमध्ये फेऱ्या मारायला लागलो. "तिला सांगितलंस ना हे? तिने त्याला सांगितलं ना?"

"सांगितलं असेल. जीव गेला का त्यावाचून तुमचा?"

"आता येऊ दे त्याला," मी म्हटलं.

आणि तो आला. पण कधी आला ते ऐका.

नवीन वर्षाचा पहिला दिवस, सगळीकडे सामसूम, दुकानं बंद. मला वाटलं, आज कोण येतंय, म्हणून मी निवांत गंजीफ्रॉकवर बसून डोक्याला कलप फासला. खांद्यावर जुना टॉवेल, कानांवर काळे ओघळ. धुवायला अजून अर्धा तास होता. तेवढ्यात बेल वाजली आणि हिने, जगात दुसरं काही काम नसल्यासारखं, दार सताड उघडलं.

दारात शेजारी. लाल शर्ट, भांग पाडलेला. मागे त्याची बायको, मागे त्यांची मुलगी आणि मुलगा, दोघंही चांगले मोठे, नोकरी करणारे. त्याच्या दोन्ही हातांत दोन संत्री. तो आत आला, माझ्यासमोर उभा राहिला, कमरेत थोडा वाकला, दोन्ही हातांनी संत्री पुढे केली आणि म्हणाला, "आ-हिया."

आ-हिया म्हणजे दादा, थोरला भाऊ, हे मला हिने आठवडाभर आधीच पढवलं होतं. या क्षणासाठी मी आरशासमोर तयारीही केली होती. सावकाश एकदा मान हलवायची, मग अर्धं हसू. मान हलवली तेव्हा कलपाचा एक थेंब थेट संत्र्यावर पडला.

मुलगा आणि मुलगी पुढे झाली, "आ-पेक" म्हणाली. म्हणजे थोरले काका. हिने आत पैसे घालून लाल पाकिटं तयारच ठेवली होती, ती माझ्या हातात कोंबली आणि मी दोघांना दिली. संत्री घेतली की दोन संत्री परत द्यायची असतात, तीही हिने आणून ठेवलेली. माझ्याच घरात नाटक बसवलेलं होतं आणि मी सोडून सगळ्यांची तालीम झाली होती.

"मी जरा डोकं धुऊन येतो," मी म्हटलं.

चौघंही एकदम ओरडले, "नो, नो, नो!"

नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी डोकं धुवायचं नसतं. धुतलं तर वर्षभराचं नशीब वाहून जातं. शेजाऱ्याची बायको कळवळून सांगत होती. मी हिच्याकडे बघितलं. ही शांतपणे म्हणाली, "बसा हो. त्यांच्या सणाला अपशकुन नको." ते तासभर बसले. शेंगदाणे खाल्ले, चकल्या खाल्ल्या, चहा दोनदा झाला. माझं डोकं नुसतं भणभणत होतं, कानामागे आग लागली होती, आणि मी थोरल्या भावाच्या मानाने ताठ बसून 'हो, हो' म्हणत होतो. जाताना शेजारी माझ्या डोक्याकडे बघून गंभीरपणे म्हणाला, "आ-हिया, याची काय गरज? म्हातारा दिसलास तर चांगलं. मला आधीच कळलं असतं."

त्यानंतर रोज सकाळी "आ-हिया". मी दार उघडलं की तो स्टुलावरून अर्धा उठायचा, हाक मारायचा, मी मान हलवायचो. हॉकर सेंटरमध्ये तो माझ्यासाठी टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरायला लागला. कोपी, म्हणजे तिथली कॉफी, मागवायचा, बिनसाखरेची, मला न विचारता. त्याच्या टेबलावरचे बाकीचे दोघंतिघंही मला आ-हिया म्हणू लागले, त्यातला एक तर माझ्यापेक्षा नक्की मोठा होता. मी काही दुरुस्ती केली नाही. खालच्या म्हाताऱ्यांनी पिशव्या ओढून घेणं सोडलं. मला इतकं बरं वाटत होतं की मी घरात शीळ घालायला लागलो.

एका सकाळी हिने विचारलं, "मग आता? मिळाला ना नमस्कार?"

"मिळाला."

"मग एजंटाला नको म्हणून सांगा."

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "तसं कसं? चिपळूणला कळवून झालंय. रंगाचं काम सुरू झालं तिकडे. आणि आता जायला काहीच हरकत नाही. आता कसं मानाने जाऊ."

ती माझ्याकडे बघत राहिली. डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाकडे बघावं तशी. मग म्हणाली, "बरं." आमच्या लग्नाच्या इतक्या वर्षांत ती जेव्हा जेव्हा 'बरं' म्हणाली, तेव्हा तेव्हा मी बॅग भरली आणि बोटीवर गेलो. त्यामुळे तो शब्द मी होकारच धरत आलो होतो.

शनिवारी सकाळी एजंट गिऱ्हाईक घेऊन आला. एक तरुण जोडपं. बाई पोटुशी होती, तिने आल्याआल्या खिडकीतून खाली शाळा दिसते का ते बघितलं. नवरा भिंतींवर टिचक्या मारत होता. एजंट बाहेर कॉरिडॉरमध्ये उभा राहून दाराचा फोटो काढू लागला, आणि त्या फोटोत कुंड्या येत होत्या म्हणून त्याने शेजाऱ्याला जरा स्टूल सरकवायला सांगितलं.

शेजाऱ्याने स्टूल सरकवलं नाही. तो उठला, चपला दाराशी काढल्या आणि आत आला.

"आ-हिया," तो म्हणाला, "घर विकतोस?"

"हो."

"कुठे जाणार?"

"इंडियाला. माझ्या गावी."

"तिकडे कोण आहे?"

मी तोंड उघडलं. चुलतभाऊ आहे म्हणणार होतो, पण तो डोंबिवलीला असतो, रंगाचं काम बघायला शनिवारी-रविवारी जातो. आळी आहे म्हणणार होतो. "गाव आहे," मी म्हटलं.

तो म्हणाला, "माझा थोरला भाऊ होता. सख्खा. कॅनडाला गेला. तिकडे घर मोठं, हवा चांगली. दर वर्षी फोनवर म्हणायचा, येतो. आता नवीन वर्षाला मी त्याच्या फोटोला हाक मारतो. आधी त्याला, मग जेवण."

भिंतीवर टिचक्या मारणारा नवरा थांबला.

"आ-सो काय म्हणते?" शेजाऱ्याने विचारलं. आ-सो म्हणजे वहिनी, माझी बायको.

"ती येणारच माझ्याबरोबर."

"ते नाही विचारलं. ती काय म्हणते?"

सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. ती तिथे केव्हाची उभी होती. हातात ओटा पुसायचं फडकं होतं आणि ते तिने इतकं पिळलं होतं की त्यात पाण्याचा थेंब उरला नसेल.

"सांगू?" ती मला म्हणाली. मराठीत म्हणाली, म्हणजे ते फक्त माझ्यासाठी होतं. "लग्न झाल्यापासून मी तुमच्या बोटीची वाट बघत आले. आधी चिपळूणला बघितली, मग इथे. आज येणार म्हणून सांगायचात आणि बोट आणखी महिनाभर पुढे जायची. कधी एक शब्द बोलले? तुमचं काम होतं ते. मला राग नाही त्याचा. पण आता दुपारी ती पोर दारातून 'आजी' म्हणून ओरडत येते. रोज येते. आयुष्यात पहिल्यांदा असं झालंय हो, की मी वाट बघते आणि ते माणूस त्या दिवशीच येतं. मला नाही जायचं. तुम्ही जा. तुमची वाट मला बघता येते, सवय आहे मला. तिची नाही बघवणार."

ती रडली नाही. मलाच कसंतरी व्हायला लागलं. इतकी वर्षं मी पोर्टवरून फोन करायचो तेव्हा 'कशी आहेस' विचारायचो, ती 'बरी आहे' म्हणायची आणि मी लगेच डॉलरचा भाव सांगायला लागायचो.

शेजाऱ्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पण तो हिच्याकडे बघून हळूच आपल्या जागेवरून मागे सरकला. पोटुशी बाईने नवऱ्याच्या दंडाला हात लावला. "आपण नंतर येऊ या का?" ती त्याला म्हणाली.

एजंट मात्र धंद्याचा पक्का. त्याने टाय नीट केला, हसला आणि माझ्याकडे वळला. "सर, काय ठरलं मग? पुढच्या शनिवारी दुसरं गिऱ्हाईक आणू?"

"मला काय विचारतोस?" मी म्हटलं. "हिला विचार."

तो तिच्याकडे वळला. त्याने तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "नाही."